झाडून ठेवलेली जागा

“जावई आला हो, जावई! आहे का कुणी पाय धुवायला?”

व्हॅन रुग्णालयाच्या मागच्या दाराशी लावता लावताच ड्रायव्हरने हाळी दिली. नवजात बाळांच्या खोलीत पाळण्यांच्या चादरी बदलणाऱ्या हळूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. हसू आलं की त्या असंच करायच्या. राग आला तरी असंच करायच्या. त्यामुळे त्यांना नक्की काय आलंय हे कुणाला कळत नसे.

जावई म्हणजे वॉर्मर. वर तापणारी दांडी, खाली गादी घातलेला उघडा छोटा पलंग, शेजारी आकडे दाखवणारी पेटी. अपुऱ्या दिवसांचं, अंगात ऊब न धरणारं बाळ त्याखाली ठेवलं की ते गारठत नाही आणि डॉक्टरांनाही त्याला हात लावायला, नळी घालायला सोपं जातं. प्रत्येक रुग्णालयात असा एक चालू वॉर्मर आहे, असं सरकार म्हणत होतं. प्रत्यक्षात आसपासच्या रुग्णालयांत मिळून चालू वॉर्मर एकच होता, आणि जिथे तपासणी असेल तिथे तो जायचा. साहेबांच्या आधी पोचायचा, मानाच्या जागी बसायचा. सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघायचे, कुणी कामाला लावायचं नाही, आणि साहेबांची पाठ वळली की हा पुढच्या गावाला. नाव ड्रायव्हरनेच ठेवलं होतं. बारशाला कुणी हरकत घेतली नव्हती.

रुग्णालयाचा स्वतःचा वॉर्मर कोपऱ्यात चादर पांघरून उभा होता. त्याची दांडी केव्हाच जळाली होती. मोठ्या कार्यालयाला कळवलं की ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर यायचं. नोंद घेऊन बाळाला ऊब येत असती तर या गावातलं एकही बाळ गारठलं नसतं.

ड्रायव्हर आणि एक शिपाई मिळून जावयाला ढकलत आत घेऊन आले. मागोमाग स्टोअरकीपर. त्याच्या हातात रुग्णालयाचं नाव छापलेली चिकटपट्टी होती. त्याने यंत्राच्या पाठीवरच्या जुन्या पट्टीवर ती चापून बसवली. खाली दुसऱ्या गावची पट्टी, तिच्याखाली तिसऱ्या. बोट फिरवलं तर तिथे आता गादीच लागत होती.

“सिस्टर, नेहमीचंच. प्लास्टिक काढायचं नाही, प्लग लावायचा नाही. साहेब जेवायला बसले की आमची गाडी आडरस्त्याने पुढच्या रुग्णालयात. तुमच्या त्या धाकट्या सिस्टरकडे.”

“आणि तेवढ्यात बाळ आलं तर?”

“काय म्हणालात?”

हा प्रश्न हळूबाईंना सगळेच विचारत. त्या इथल्या सर्वांत जुन्या सिस्टर, पण आवाज असा की शेजारच्यालाही कान द्यावा लागे. झोपलेल्या बाळांत वावरून आवाज असा झाला, की आवाज असा म्हणून देवाने बाळांत नेमलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. समोर सगळे ‘सिस्टर’ म्हणत, पाठीमागे ‘हळूबाई’. त्यांना ते ठाऊक होतं, आणि तेही त्यांनी ओठ मिटून घेतलं होतं.

“बाळ आलं तर, म्हटलं.”

“आज नाही यायचं हो,” स्टोअरकीपर म्हणाला. जणू बाळंही त्याच्याच कोठारातून सुटत होती.

तो गेला. हळूबाईंचा नेम व्हायचा होता. कामावर आलं की प्रत्येक पाळण्याला, भरलेला असो की रिकामा, हात लावायचा, मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचं आणि मगच पाण्याचा घोट. अंगात ताप असतानाही हा नेम मोडला नव्हता. त्यांनी एकेका पाळण्याला हात लावला. शेवटी जावयापाशी आल्या आणि घुटमळल्या. पाहुण्याला कशाला हात लावायचा, असं वाटून तशाच वळल्या. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा मागे फिरून त्यांनी त्या कडक प्लास्टिकवर तळवा टेकवला.

शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला तो तेवढ्यातच.

बाळ दिवस भरायच्या कितीतरी आधी आलं होतं. आईला रक्तस्राव होत होता, म्हणून पोट उघडावं लागलं होतं. ती अजून गुंगीत होती. बाळाची आजी बाजारात भाजी विकायची. लेकीला कळा सुटल्या तशी टोपली शेजारणीच्या भरवशावर टाकून ती धावत आली होती आणि तिच्या बोटांना अजून ओल्या पालेभाजीचा वास होता.

“हात धुवा आजी, आणि इथे बसा. याला छातीशी धरा. कातडीला कातडी लागू दे.”

“एवढंसं?” आजीने बाळ पाहिलं. “अगं बाई, याच्याहून तर माझी वांगी मोठी!”

म्हणाली खरी, पण धरताना हात असे धरले की जणू पाणी धरलंय. थोडा वेळ बरं चाललं. मग बाळाचा श्वास मध्येच थांबायला लागला. हळूबाई तळपायाला टिचकी मारायच्या, तो परत सुरू व्हायचा. पुन्हा थांबायचा. डॉक्टर हातमोजे बदलून धावत आले. नोकरीला लागून त्यांना फार काळ झाला नव्हता. भला माणूस, पण मोठ्या कार्यालयाचा फोन वाजला की उभा राहून बोलणारा.

“नळी घालायला हवी, सिस्टर. द्या इकडे.”

टेबलावर घेतलं, उघडं केलं, तर डॉक्टरांचा हात स्थिर व्हायच्या आत बाळाचे ओठ निळसर पडले. अंग गार. परत आजीच्या छातीशी. परत श्वास अडकला. मोठ्या शहराच्या रुग्णालयात न्यायचं तर आधी वाटेत टिकायला हवं होतं.

डॉक्टरांनी जावयाकडे पाहिलं. मग दाराकडे. मग हळूबाईंकडे.

“ते... त्याला हात लावायचा नाही म्हणालेत ना?”

हळूबाईंनी कात्रीसुद्धा घेतली नाही. दोन्ही हातांनी प्लास्टिक पकडलं आणि टरकन वरपासून खालपर्यंत फाडलं. त्या आवाजाने पलीकडच्या पाळण्यांतली दोन बाळं दचकून रडायला लागली. हळूबाईंच्या हातून एवढा आवाज पहिल्यांदाच झाला होता.

प्लग लागला. दांडी लाल झाली. त्या लाल उजेडाखाली बाळ ठेवलं, आणि डॉक्टरांच्या हाताला जरा वेळ मिळाला. नळी बसली. छाती वरखाली होऊ लागली, चिमणीच्या पिसासारखी.

“बाई,” आजी कोपऱ्यातून म्हणाली, “देव आहे हो.”

“आहे,” हळूबाई म्हणाल्या. “आज त्याचा प्लग लावलाय.”

तपासणीचे साहेब आले ते मोठ्या लवाजम्यासह. मागच्या साथीत लोकांनी रुग्णालयांच्या दारातच प्राण सोडले होते, आणि तेव्हापासून ओरड होती की सरकारची तयारी कुठे आहे ते दाखवा. म्हणून ही तपासणी. साहेबांनी औषधांचं कपाट पाहिलं, ऑक्सिजनच्या टाक्या पाहिल्या, आणि नवजात बाळांच्या खोलीच्या दाराशी थबकले.

“वा! वापरात आहे! नाहीतर सगळीकडे नुसतं शोभेला ठेवतात.” त्यांनी सोबतच्या माणसाला फोटो काढायला लावला. “कुणाची कामगिरी?”

स्टोअरकीपरचा चेहरा पिठासारखा झाला होता. डॉक्टरांनी बुटांकडे पाहत हळूबाईंकडे हात केला.

“शाबास, सिस्टर. काही अडचण?”

“हे आमचं नाही, साहेब,” हळूबाई म्हणाल्या.

“हो हो, छान, छान,” म्हणत साहेब पुढच्या खोलीकडे वळलेसुद्धा. त्यांच्यापर्यंत शब्द पोचलेच नव्हते. पोचले ते स्टोअरकीपरपर्यंत. जाता जाता त्याने हळूबाईंकडे अशी नजर टाकली की दुसरं कुणी असतं तर जागीच वितळलं असतं.

साहेब विश्रामगृहावर जेवायला बसल्याचा निरोप आला आणि व्हॅन परत मागच्या दाराशी लागली.

“सिस्टर, उतरवा बाळ,” स्टोअरकीपर म्हणाला. “तुमचं काम झालं, आमचंही झालं. शाबासकी मिळाली, फोटो निघाला. आता सोडा त्याला.”

“नाही.”

“काय म्हणालात?”

“ऐकलंत तुम्ही.”

खरंच, त्याने ऐकलं होतं. खोलीत दुसरा आवाजच नव्हता. हळूबाईंनी एक स्टूल ओढलं, वॉर्मरच्या आणि दाराच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर बसल्या. हात मांडीवर. वाचायला घेतलेली पोथी मिटून बसावं तशा.

“अहो, पुढच्या रुग्णालयात साहेब पोचायच्या आत हे पोचलं पाहिजे! तिथे नाही दिसलं तर काय होईल कळतंय का?”

“तिथे नाही, हे दिसेल.”

“नोकरीची किती वर्षं राहिलीत तुमची? कुठे फेकतील पत्ता लागणार नाही. एवढंसं बाळ, तासाभराचा प्रश्न! तोवर गरम पाण्याच्या पिशव्या लावा, दिवा लावा. आजवर काय करत होतात?”

“आजवर करत होते,” हळूबाई म्हणाल्या. “त्यातली काही जगली. काही नाही जगली. प्रत्येकाच्या आईला काय सांगायचं ते मीच सांगितलंय. तुम्ही कधी आला होतात सांगायला?”

स्टोअरकीपर डॉक्टरांकडे वळला. “साहेब, तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलंत तर उतरवतील.”

डॉक्टरांनी बाळाच्या पायथ्याशी लटकवलेला कागद घेतला, खिशातलं पेन काढलं, आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘बाळाला हलवू नये’. सही केली. मग तो कागद जागेवर लटकवून, कुणाकडे न बघता, बाळाची नाडी बघायला वाकले. आयुष्यातली पहिली चोरी केलेल्या मुलासारखे त्यांचे कान लाल झाले होते.

भाजीवाली आजी आता उठून हळूबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली, पाय पसरून, बाजारात बसते तशी.

“न्या ना,” ती स्टोअरकीपरला म्हणाली. “ओलांडून न्या. सकाळी टोपली सोडून आलेय, हात रिकामेच आहेत माझे. बघू कोण नेतो ते.”

“आजी, तुम्ही यात पडू नका.”

“मी पडले नाही बाबा, बसलेय. पडशील तू, जरा पुढे ये.”

ड्रायव्हर दारात टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने लाल उजेडातलं ते बाळ पाहिलं. इतकी वर्षं त्याने या यंत्राला गावोगाव मिरवलं होतं, पण त्यावर माणूस ठेवलेला तो आज पहिल्यांदा बघत होता. थट्टा करायला तोंड उघडलं आणि ते तसंच मिटलं.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “मी असं करतो. वाटेत टायर फुटला म्हणून सांगतो. गाडी झाडाखाली लावून बसतो. तुमच्यावर बालंट नको, यांच्यावर नको. उद्या काय ते बघतील.”

स्टोअरकीपरला ही तोड एकदम पटली. “हां! हे बरं. टायर फुटला. कुणाचंच नुकसान नाही.”

हळूबाईंनाही क्षणभर मोह झाला. बाळ वाचत होतं, नोकरी वाचत होती, ड्रायव्हरसारखा गरीब माणूस आपण होऊन अंगावर घेत होता. पण मग डोळ्यांपुढे आलं की टायर उद्या दुरुस्त होईल. परवा हाच जावई प्लास्टिक पांघरून पुन्हा या दारातून निघून जाईल, आणि टायरचा दोष टायरवरच राहील.

“नको हो, दादा,” त्या म्हणाल्या. “टायरला कशाला खोटं पाडता? रिकामी गाडी घेऊन सरळ जा. विचारलं तर सांगा, त्यावर बाळ झोपलंय.”

मग त्यांनी धाकटीला फोन लावला. पुढच्या रुग्णालयातली ही सिस्टर त्यांच्याच हाताखाली शिकली होती; बाळाला न्हाऊ घालताना मान कशी धरायची ते त्यांनीच तिला दाखवलं होतं.

“अगं, आज तुझ्याकडे जावई येत नाही.”

“म्हणजे? ताई, साहेब निघालेत इकडे! मी जागा करून ठेवलीय त्याची, पाळणे सरकवून.”

“तशीच ठेव. त्या जागी खुर्ची ठेवू नकोस, टेबल ठेवू नकोस, कुंडी तर मुळीच नको. झाडून घे आणि रिकामी दिसू दे.”

पलीकडे पाळण्याची चाकं करकरली.

“ताई, मला ओरडतील हो.”

“ओरडतील. मग म्हण, माझ्या ताईंना विचारा.”

“...झाडते,” धाकटी म्हणाली. “पुसूनही घेते.”

उन्हं कलायच्या सुमाराला साहेबांची गाडी परत आली. या वेळी लवाजमा नव्हता. साहेब एकटेच आत आले. मागून स्टोअरकीपर, गुन्हेगार म्हणून धरून आणल्यासारखा आणि खरा गुन्हेगार दुसराच आहे असं तोंड करून.

“सिस्टर, तिकडे वॉर्मर नाही.”

“नाही, साहेब.”

“यादीत आहे.”

“यादीत आहे. खोलीत नाही.”

“जरा मोठ्याने बोला हो!”

“बाळ झोपलंय, साहेब.”

मग ऐकण्यासाठी साहेबांनाच वाकावं लागलं. ते वाकले. हळूबाईंनी त्यांचा हात धरल्यासारखं करून वॉर्मरच्या पाठीकडे नेलं आणि चिकटपट्टीचं एक टोक नखाने उचललं. खालचं गाव दिसलं. तेही उचललं. त्याच्या खालचं गाव. साहेब ज्या ज्या गावांत गेल्या काही दिवसांत जेवले होते, ती गावं एकामागून एक सोलून निघाली.

“हे इथे आहे ते एकच आहे, साहेब. तुम्ही याला सगळीकडे भेटलात.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हे बघा बाई, मी काही आज नोकरीला लागलो नाही,” ते खालच्या आवाजात म्हणाले. आता दोघंही कुजबुजत होते. “मलाही दिसतं. पण मी तिथे ‘नाही’ असं लिहिलं, की प्रश्न येणार. मग बाकीच्या गावांचं काय, हा प्रश्न येणार. वर उत्तर द्यावं लागेल.”

“कुणाला द्यावं लागेल?”

“मला. माझ्या वरच्यांना. अगदी वरपर्यंत.”

“मग द्या की, साहेब. बाळ गेलं की आईपुढे आम्ही उभं राहतो. ती विचारते, कसं गेलं? आम्ही उत्तर देतो. इतकी वर्षं तुमचंही उत्तर आम्हीच देत आलो. एकदा तुमचं तुम्ही द्या.”

“आपण ‘दुरुस्तीला पाठवला आहे’ असं लिहू,” साहेब म्हणाले. आवाजात अजीजी होती. “दोन महिन्यांत मी स्वतः एक मिळवून देतो. शब्द देतो. सगळ्यांचंच भलं होईल.”

“कोपऱ्यातला तो बघा,” हळूबाईंनी चादर पांघरलेल्या वॉर्मरकडे हात केला. “त्यालाही असाच शब्द मिळाला होता. नाही, साहेब. जे नाही ते ‘नाही’ लिहा. त्याखाली माझी सही हवी तर घ्या.”

साहेबांनी पेन काढलं, पण टोपण निघेना. निघेना की काढवेना, देव जाणे. तेवढ्यात जमिनीवर बसलेली आजी म्हणाली,

“साहेब, हात गारठला असेल तर धरा त्या यंत्राखाली घटकाभर. बाळ सरकून घेईल.”

डॉक्टरांना खोकला आला. साहेब ताठ झाले, वळले आणि बाहेर निघून गेले. काय लिहिलं, लिहिलं की नाही, कुणालाच कळलं नाही. खिडकीतून एवढंच दिसलं की ते बराच वेळ गाडीत बसून होते आणि गाडी जागची हलत नव्हती.

घरी हळूबाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करत बसले होते. त्यांना एका कानाने अजिबात ऐकू येत नसे आणि दुसऱ्याने बेताचंच. कधी आवाज न चढवणारी बायको आणि कमी ऐकणारा नवरा. या घरात भांडण असं कधी झालंच नाही, असं लोक म्हणत. पण गंमत अशी की जगात कुणाचं ऐकू आलं नाही तरी हळूबाईंचं त्यांना बरोबर ऐकू येई. ते तोंडाकडे बघून ऐकत.

“आज काहीतरी केलंयस तू,” ते डोळ्याचं भिंग न काढता म्हणाले.

“कशावरून?”

“चपला नीट जोडून काढल्यास. घाबरलीस की काढतेस तशा.”

त्यांनी सगळं सांगितलं. यजमानांनी हातातलं घड्याळ कानाशी नेलं, ऐकू येत नसताना, निव्वळ सवयीने.

“बदली करतील.”

“करतील.”

“लांब?”

“मला वाटतं, लांबच.”

“हं,” ते म्हणाले. “घड्याळं काय, कुठेही बंद पडतात. मी येईन दुकान घेऊन.”

नंतर कळलं की साहेबांनी ‘नाही’ असंच लिहिलं होतं. वर प्रश्न विचारला गेला. मग मोठ्या कार्यालयातून जी चौकशी आली ती वॉर्मर का नाहीत याची नव्हती. ‘शासकीय यंत्राच्या वाहतुकीस अडथळा’ कुणी केला, याची होती. हळूबाईंनी उत्तर एका ओळीत दिलं: मी केला, कारण त्यावर बाळ होतं. डॉक्टरांनी न सांगता खाली स्वतःची सही जोडली. त्यांना ताकीद मिळाली. हळूबाईंना बदलीचा हुकूम मिळाला, तोही पुढच्या गावी, धाकटीच्या रुग्णालयात. जिथे वॉर्मर नव्हता तिथे. कुणीतरी डोकं लढवून शिक्षा निवडली होती.

बाळ मात्र दांडगं निघालं. घरी जाताना आजीने त्याला लेकीकडून घेऊन हळूबाईंच्या हातात दिलं आणि म्हणाली, “बघा, आता वांग्याच्या पुढे गेलाय. भोपळ्याकडे निघालाय.”

आणि एवढा बोभाटा झाल्यावर जावयाला हलवायची कुणाची हिंमत झाली नाही. तो तिथेच राहिला. रोज कामाला लागला. त्याच्या पाठीवरच्या पट्ट्या स्टोअरकीपरने एका दुपारी गुपचूप खरवडून काढल्या.

हळूबाईंचं सामान न्यायला ड्रायव्हर व्हॅन घेऊन आला. त्यांना पुढच्या सीटवर बसवून, दार दोनदा आपटून नीट लावून म्हणाला,

“काय काळ आलाय, ताई. जावई घरजावई झाला, आणि घरची लेक चालली सासरी.”

हळूबाईंनी ओठ मिटून घेतले. या वेळी ते हसू होतं, हे ड्रायव्हरलासुद्धा कळलं.

नव्या रुग्णालयातली बाळांची खोली अरुंद होती. भिंतीशी पाळणे, आणि खिडकीजवळ, प्लगच्या खाली, एक पलंगभर जागा मोकळी. धाकटीने ती त्या दिवसापासून तशीच ठेवली होती. तिथला स्टोअरकीपर येता-जाता तिथे काहीतरी आणून ठेवायचा. कधी मोडकी खुर्ची, कधी फायलींचं खोकं. धाकटी ते उचलून बाहेर नेऊन ठेवायची. हळूबाई आल्यावर दोघी मिळून उचलू लागल्या.

सकाळी कामावर आल्या की हळूबाई एकेका पाळण्याला हात लावत. मग केरसुणी घेऊन ती मोकळी जागा स्वतः झाडत, फडक्याने पुसत, वाकून त्या थंड फरशीवर तळवा टेकवत, आणि मगच पाण्याचा घोट घेत. आया, बाया, शिपाई, कुणीही त्या जागेवरून चालत नसे. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआपच झालं होतं. नवी आलेली बाळंतीणसुद्धा पोटाला हात धरून बाजूने जायची.

पुन्हा तपासणी आली. साहेब वेगळे होते, तरुण, घाईतले. त्यांच्यामागे इथला स्टोअरकीपर शिपायाकडून एक मोठी कुंडी उचलून आणत होता. हळूबाई दारात उभ्या राहिल्या.

“ती बाहेर ठेवा.”

“काय म्हणालात?”

“बाहेर.”

कुंडी बाहेर राहिली. साहेब आत आले. पाळणे पाहिले, औषधं पाहिली, आणि मग खिडकीजवळच्या त्या लखलखीत पुसलेल्या फरशीकडे बघून म्हणाले, “इथे काय असतं?”

“इथे वॉर्मर असायला हवा, साहेब,” हळूबाई म्हणाल्या. “लिहून घ्या.”

साहेबांना नीट ऐकू आलं नसावं, असं धाकटीला वाटलं. ते खिडकी पाहायला पुढे निघाले, एक पाऊल उचललं, आणि ते तसंच मागे घेतलं. मग भिंतीला अंग चोरून, त्या रिकाम्या जागेला पुरता वळसा घालून, ते खिडकीपाशी गेले.